फायरमनचा जबाब

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसाने स्वस्थ बसावं, असं माझी थोरली बहीण मला बजावत होती. मी आजवर तिचं एकही ऐकलेलं नाही, हेही ऐकलं नाही. जुन्या कापड कारखान्याचं संग्रहालय होणार होतं आणि समितीला भिंतींवरचा मजकूर लिहायला कोणीतरी 'इतिहासवालं' हवं होतं. जन्मभर मुलांना तेच शिकवत आले होते, त्यामुळे नाही म्हणणं जिवावर आलं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे जुने औषधवाले. अतिशय सज्जन गृहस्थ, पण चिठ्ठी वाचून पुडी बांधावी तसं प्रत्येक काम उरकायची सवय. "बाई, थोडक्यात लिहा, ठसठशीत लिहा. लोक उभ्या उभ्या वाचतात," एवढीच त्यांची अट होती.

मला बसायला त्यांनी हजेरीची खोली दिली. कामगारांनी बाहेरून हात घालून बिल्ला घ्यायचा, त्या खिडकीखालीच माझं टेबल. टेबलावर तीन लाकडी पेट्या मांडल्या आणि खडूने नावं घातली: उपयोगी, बरं, निरुपयोगी. कारखान्यातून निघालेला प्रत्येक कागद हातात घ्यायचा आणि शाळेत मुलांना करायला लावायचे तेच प्रश्न त्याला करायचे. कोण बोलतंय? कधी बोलतंय? कोणापुढे बोलतंय? आणि असं बोलून त्याच्या पदरात काय पडणार? या प्रश्नांपायी मुलं मला मागून 'पुरावाबाई' म्हणायची. मला ते माहीत होतं, पुराव्यासकट.

सगळ्यात महत्त्वाचा मजकूर होता फाटकाबाहेरच्या मोठ्या बोर्डाचा. त्यावर बॉयलरच्या स्फोटाची हकिगत यायची होती. साठेक वर्षांपूर्वी एका सकाळी बॉयलर फुटला आणि दोन कामगार गेले. चौकशी झाली, तिचे सगळे जबाब मला सापडले होते. त्यावरून मी वाक्य बेतलं: 'सकाळपाळीच्या फायरमनचा डोळा लागल्याने बॉयलरमधील पाणी आटत गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही व स्फोट झाला.'

हे काही मी गावगप्पांवरून लिहिलं नव्हतं. फायरमनचा, म्हणजे बॉयलरची आग आणि पाणी सांभाळणाऱ्या कामगाराचा, स्वतःचा जबाब होता, दुसऱ्याच दिवशी घेतलेला, खाली त्याच्या अंगठ्याचा ठसा. 'स्फोटापूर्वी काय घडले?' या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं होतं, 'माझा डोळा लागला. त्यानंतर मला काहीही दिसले नाही.' माणूस स्वतःचं भलं करायला खोटं बोलतो, वाटोळं करायला कशाला बोलेल? असं साधन हाताला लागणं म्हणजे भाग्यच. उपयोगीच्या पेटीत मी तो जबाब सगळ्यात वर ठेवला होता.

मजकूर अध्यक्षांना आवडला. पत्र्यातून अक्षरं कापून घ्यायची होती आणि कारागीर सोमवारी माप घ्यायला येणार होता.

त्याआधीच काजवाल्या मावशी माझ्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या.

मावशी फाटकासमोर राहतात, शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शिंप्यासाठी काजं करतात, बटणं लावतात, रस्त्यावरून जाताना खिडकीत त्यांची मान खाली घातलेली दिसते. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. त्या टेकल्याही नाहीत तोच म्हणाल्या, "बाई, तुम्ही बोर्ड लिहिताय तो फायरमन, मी त्याची मुलगी."

मी हातातला कागद खाली ठेवला.

त्यांनी पिशवीतून एक फोटो आणि एक दाखला काढला. स्फोटानंतर वडिलांना कारखान्याने काढलं, मग ते लाकडाच्या वखारीत लागले. दाखला तिथला होता: माणूस इमानी, कष्टाळू. फोटोत वखारीतली माणसं रांगेत उभी होती आणि टोकाचा उंच माणूस मान वळवून भलतीकडेच बघत होता.

मी सवयीने तपासायला लागले. "मावशी, दाखला चांगला आहे, पण कशासाठी चांगला, ते बघायला हवं. तुमचे वडील कष्टाळू होते, एवढं यावरून कळतं. त्या सकाळी ते जागे होते, हे नाही कळत."

"मी कुठे म्हणते जागे होते?" मावशी म्हणाल्या. "झोपले होते. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय. शाळेत पोरं मला 'डुलकीची पोर' म्हणायची. मला ते खोटं पाडायचं नाहीये. माझी खिडकी बरोब्बर फाटकासमोर आहे. सकाळी उठून खिडकी उघडली की तेच वाक्य, काम करताना मान वर केली की तेच वाक्य. मरेपर्यंत तेच वाचत बसू का? तेवढं एक काढा ना."

"इतिहास म्हणजे काही शिवण नाही, मावशी. नको तो टाका उसवला आणि झालं, असं नसतं."

"टाका उसवला तरी भोकं राहतातच की," त्या म्हणाल्या. "मला कोण शिकवणार ते? पण लांबून दिसत नाहीत एवढंच."

त्या गेल्या. बाई गोड बोलून गळ घालत नव्हत्या, रडत नव्हत्या, खोटंही बोलत नव्हत्या. असा माणूस समोर आला की माझं फार अवघड होऊन बसतं. मी फोटो आणि दाखला 'निरुपयोगी'त टाकायला उचलला, हात पुढे जाईना, तसाच टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना म्हटलं, बोर्ड निदान आतल्या भिंतीवर लावू या. ते ऐकायला तयार नव्हते. "आतला बोर्ड कोण वाचतो? झोपलेला फायरमन लोकांच्या ध्यानात राहतो, बाई. आणि तुम्हीच तर म्हणालात, पुरावा एकदम पक्का आहे." पक्का होताच. मीच त्यांच्या हातात दिलेला. आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्यावाचून माझ्यापुढे इलाज नव्हता.

शनिवारी मावशी पुन्हा आल्या, फोटो न्यायला. माझा चेहरा बघूनच त्यांना काय ते कळलं.

"असू दे, बाई. लावा बोर्ड," त्या खाली बसत म्हणाल्या. "खरं आहे ते आहे. आणि खरं बोलायचंच तर सगळंच बोलते. बाबा झोपले याचं मला एवढं काही नाही. दमलेला माणूस, लागते डुलकी. पण त्यांना त्याची लाज नव्हती, बाई. दोन माणसं गेली आणि यांना काही वाटत नव्हतं. हे मी आजवर कोणापुढे बोलले नाही."

"असं का म्हणता?"

"मी त्यांचं बोट धरून दुकानात जायचे. रस्त्यात कोणीतरी हटकून ओरडायचं, 'काय फायरमन, डोळा लागला का?' दुसरा कोणी असता तर मान खाली घालून निघून गेला असता, नाहीतर अंगावर धावून गेला असता. बाबा थांबायचे. हसायचे. म्हणायचे, 'लागला, लागला. आता बरा.' मग अख्खी गल्ली खदखदून हसायची आणि बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे. मी बोट सोडून पुढे पळायला लागले. मग त्यांच्याबरोबर जायचंच बंद केलं. माझ्या लग्नात मांडवात कोणीतरी तेच विचारलं, तिथेही तेच उत्तर. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला."

मी फोटो कागदात गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता हात थांबला.

"काय म्हणायचे ते? पुन्हा सांगा."

"'लागला, लागला. आता बरा.'"

"बरा? बरा कोण?"

मावशींना माझा प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "झोपेबद्दल विचारलं तर माणूस म्हणेल, हो बाबा, झोपलो होतो. आता जागा आहे, असंही म्हणेल. आता बरा, असं कशाला म्हणेल?"

"त्यांचं बोलणं तसंच होतं हो. धड कुठे होतं?"

"धड नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे ते इकडचे नव्हते ना. फार लांबून आले होते, कामाला. त्यांची भाषा वेगळी. आई इकडची, म्हणून घरात आपलीच भाषा. बाबा शिकले, पण मोडकंतोडकं. पाऊस आली म्हणायचे, भूक लागला म्हणायचे. आमच्या दाराची चौकट बुटकी होती, तिच्यावर डोकं आपटलं की कपाळ चोळत म्हणायचे, 'डोकं लागला, डोकं लागला!' आम्ही भावंडं हसून हसून…"

मावशी हसत होत्या. हसता हसता त्या गप्प झाल्या.

डोकं लागला. डोक्याला लागलं, असं त्यांना म्हणायचं असायचं.

मी पेटीतून जबाब काढला. इतक्या वेळा वाचलेला तो कागद, पण बोलणारा माणूस परका असेल अशी शंकासुद्धा मला आली नव्हती, कारण जबाबातली भाषा अगदी स्वच्छ होती. 'त्यानंतर मला काहीही दिसले नाही.' ज्याला भूक लागला, तो असं वाक्य जन्मात बोलणार नाही. कारकुनाने त्याचं मोडकं बोलणं ऐकत ऐकत नीट करून उतरवलं होतं. कारकून करतातच तसं, आणि मनाने चांगले असले तर जास्तच करतात. बाकी सगळं त्याने दुरुस्त केलं असणार. पण 'माझा डोळा लागला' हे वाक्य कानाला मुळात चुकलेलं वाटतच नाही. ते जसंच्या तसं कागदावर गेलं. कोणी ध चा मा केला नव्हता. ध हा ध च राहिला होता आणि तरीही अर्थ पार फिरला होता.

मी मुलांना शिकवायचे, माणसाचे स्वतःचे शब्द मिळाले तर त्याहून मोलाचं काही नाही. ते शब्द त्याच्या भाषेतले आहेत का, हे विचारायला मी शिकवलं नव्हतं. माझा मलाच राग आला, पण मावशींसमोर राग काढत बसायची ती वेळ नव्हती.

"मावशी, त्यांच्या डोळ्याला काही झालं होतं?"

"डावा डोळा गेलाच होता की. पांढरा पडला होता. स्फोटात गेला."

"स्फोटात गेला, की आधी?"

"ते मी कसं सांगू? आम्ही स्फोटात म्हणायचो. स्फोट झाला होता म्हणून म्हणायचो."

मग मी सगळे जबाब पुन्हा काढले, तिन्ही पेट्यांमधले, आणि मावशींसमोर एकेक वाचत गेले. मुकादमाचा जबाब मी 'उपयोगी'त ठेवला होता. त्याचं आणि फायरमनचं पटत नव्हतं, हे त्याच्या ओळीओळीतून दिसत होतं. त्याने सांगितलं होतं, 'मी बॉयलरखोलीच्या दारातून पाहिले. फायरमन भिंतीशी दोन्ही हातांनी डोळे झाकून बसला होता. मी पुढे गेलो.' झोपेला मिळालेली साक्ष, म्हणून मी खूश झाले होते.

मी खुर्चीतच भिंतीला टेकले, दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले आणि अंग सैल सोडलं. लगेच कोपरं खाली आली आणि हात मांडीत पडले. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. मावशींनीही केलं. झोपलेल्या माणसाचे हात डोळ्यांवर राहत नाहीत. हात तिथे धरून ठेवायला माणूस जागा लागतो, आणि काहीतरी दुखत असावं लागतं. मुकादमाला फायरमनबद्दल एक चांगला शब्द बोलायचा नव्हता, म्हणूनच मला आता त्याच्या डोळ्यांवर जास्त भरवसा वाटला. पाहिलं ते त्याने बरोबर सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्याने लावला, मग चौकशी करणाऱ्यांनी लावला आणि शेवटी मी लावला. झोपलेला दिसला तर हलवून उठवलं का नाहीस, हे मुकादमाला कोणीच विचारलं नव्हतं.

'निरुपयोगी'च्या पेटीत तळाशी सूत गुंडाळणाऱ्या एका बाईचा जबाब होता. 'आधी काच फुटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने धडाका झाला.' मी तो बाजूला टाकला होता, कारण स्फोटात कारखान्याच्या सगळ्याच काचा फुटल्या. पण बाई 'आधी' म्हणत होती. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते आणि फायरमनला तिच्याकडेच बघत बसावं लागतं. ती नळी फुटली तर उकळतं पाणी आणि काचा थेट समोरच्याच्या तोंडावर. मग पाणी किती उरलंय, हे कळायची सोय नाही, आणि बघायला डोळेही नाहीत.

"म्हणजे बाबा जागे होते?" मावशींनी विचारलं.

मला 'हो' म्हणायचं होतं. इतकं कधीच काही म्हणावंसं वाटलं नव्हतं. "मला तसं वाटतं, मावशी. शपथेवर नाही सांगता येणार. नळी कोणी फुटलेली पाहिली नाही. दवाखान्याचे तेव्हाचे कागद शिल्लक नाहीत. पण ते झोपले होते, असं आता कोणालाही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मी तरी म्हणू देणार नाही."

मावशींनी अर्धवट गुंडाळलेला फोटो कागदातून बाहेर काढला. मान वळवलेल्या त्या उंच माणसाकडे त्या बघत राहिल्या. त्यांचे वडील उजव्या डोळ्याने बघण्यासाठी मान वळवून उभे आहेत, हे त्यांना नेहमीच माहीत असणार. मला ते आत्ता कळलं.

"रस्त्यात लोक विचारायचे ना," त्या फोटोकडे बघतच म्हणाल्या, "तेव्हा त्यांना वाटायचं, लोक आपुलकीने चौकशी करतायत. म्हणून थांबायचे. म्हणून हसायचे." डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "आणि मी बोट सोडून पळायचे."

"तुम्ही लहान होतात, मावशी."

"आई नव्हती ना लहान. 'डोकं लागला' म्हटल्यावर तेल घेऊन धावायची ती. तिला समजत होतं त्यांचं बोलणं. मग 'डोळा लागला' कसं नाही समजलं? कारखान्याच्या कागदात होतं म्हणून? साहेबांनी लिहिलं म्हणून?"

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

सोमवारी अध्यक्ष आणि कारागीर बरोबरच आले. मी नवा मजकूर पुढे ठेवला: 'पाण्याची काच फुटून फायरमनच्या डोळ्याला इजा झाली असावी. तो झोपला होता, असे त्या वेळी ठरवण्यात आले. परंतु जबाब नीट वाचल्यास तसे दिसत नाही.'

अध्यक्षांनी चष्मा वर ढकलला. "बाई, हे लांबलं. आणि 'असावी'? पत्रा कापून कोणी 'असावी' लिहितं का? गिऱ्हाईकाला मी असं म्हणत बसलो असतो, की हे तापाचं औषध असावं, तर?"

"तुम्ही दुसऱ्याच्या नावाची पुडी दिलीत तर चालतं का?" मी म्हटलं. "मी चुकीची दिली होती. लोकांच्या घशात जायच्या आत परत घेतेय."

अध्यक्ष थोडा वेळ कुरकुरले, मग सही करून मोकळे झाले. तसे ते सज्जनच आहेत. कारागिराने मात्र 'असावी'तल्या वेलांटीबद्दल तक्रार केली.

बोर्ड लागला त्या दिवशी मावशी खाली उतरून आल्या. अक्षरांवर ऊन होतं, म्हणून मी त्यांना वाचून दाखवलं. 'असावी' आल्यावर मी त्यांच्याकडे चोरून बघितलं. मला भीती होती, एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नाही.

"चालेल," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं मला पक्की खात्री होती, बाई. तिचं काय झालं बघितलंत ना. 'असावी' बरं आहे."

मी त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून दिला. जिन्याशी पोचल्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. दम लागला असेल म्हणून मीही थांबले. पण त्यांना दम लागला नव्हता.

"अख्ख्या गल्लीने त्यांना विचारलं," त्या म्हणाल्या. "टिंगल म्हणून का होईना, विचारलं. घरात कोणी एकदासुद्धा नाही विचारलं, डोळा दुखतोय का म्हणून."